खासदार कुठे बसले

नाना, तुमच्या दशक्रियेला माजी खासदार आले होते. बसले नाहीत. घाटावर सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढे चार खुर्च्याही मांडल्या होत्या, पण त्यांना त्याच सकाळी आणखी दोन दशक्रिया गाठायच्या होत्या. उभ्यानंच माइक घेतला, तुमच्या जाण्यानं मतदारसंघाची कधीही भरून न येणारी हानी झाली असं म्हणाले, हात जोडले आणि गाडीकडे निघाले. माझा हात आपोआप पर्समधल्या पेनाकडे गेला. गाव मांजरी, प्रसंग दशक्रिया, कुठे बसले: बसले नाहीत, चहा: घेतला नाही. ही नोंद करताना तुम्ही गालातल्या गालात किती हसला असतात, ते डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं, भाषणानं रडले.

पिंडाला कावळा शिवेना, हेही सांगायला हवं. चार भाषणं झाली तरी कावळे आपले बाभळीवर बसून होते. मग नेहमीसारखं सुरू झालं. कुणी म्हणालं, माईंना सांभाळतो म्हणा. कुणी म्हणालं, नातीचं लग्न थाटात करतो म्हणा. शेवटी तुमचा सुहास पुढे झाला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाना, तुमच्या वह्या छापतो. आहेत तशा. सगळ्या." आणि कावळा उतरला. आमच्यात पिंडही नाही आणि कावळाही नाही. तुमचा तरी कुठे विश्वास होता? "भूक लागली की येतोय त्यो," असं तुम्हीच दर वेळी म्हणायचात. तरीही तो खाली येईपर्यंत मी बाभळीवरची नजर काढली नव्हती, हे कबूल करते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी कलेक्टर कचेरीत निवडणूक शाखेत होते. सकाळी मार्केट यार्डात माल उतरवून तुम्ही तसेच आला होतात, सदऱ्याला कोथिंबिरीचा वास होता. आपल्या लोकसभा मतदारसंघात सुरुवातीपासून कोणकोणती गावं होती, कोणती कधी आली, कधी गेली, ते तुम्हाला हवं होतं. मी मान वर न करता म्हणाले, "अर्ज करा." तुम्ही म्हणालात, "अर्ज केला तर उत्तर येतंय मॅडम. मला म्हाईती पायजे." मी मान वर केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं निरुत्तर केलं नव्हतं, आणि तेसुद्धा खिडकीबाहेर उभं राहून.

मग कँटीनमधल्या चहावर तुम्ही तुमचा उद्योग सांगितलात. शेती सांभाळून तुम्ही मतदारसंघाचा इतिहास लिहीत होतात. मला वाटलं, असेल नेहमीचंच, कुणी किती मतांनी कुणाला पाडलं. तुम्ही वही उघडलीत. गावागावाच्या नोंदी, आणि प्रत्येक पानावर तेच रकाने: खासदार कुठे बसले, शेजारी कोण बसलं, काय घेतलं. बस्स. मी विचारलं, "आणि भाषणात काय म्हणाले?" तुम्ही हात झटकलात. "भाषण समद्या गावात एकच आसतंय. बसणं येगळं आसतंय."

मी त्या दिवशी मनात तुम्हाला वेड्यात काढलं होतं. पुढे निवृत्त झाल्यावर दर शनिवारी हडपसरहून बसनं मांजरीला यायचं, जिन्याखालच्या तुमच्या खोलीत बसायचं आणि तुमच्या वह्या टाइप करायच्या, असं सुरू झालं, तेव्हा हळूहळू कळलं की वेडी मीच होते. आमच्या शाखेत इतके गठ्ठे होते, पण एवढा इतिहास एकाही गठ्ठ्यात नव्हता. पहिले खासदार एसटीनं यायचे आणि ज्या घरी भाकरी तयार असेल त्या घरच्या ओट्यावर बसायचे. त्यांच्यानंतरचे वकीलसाहेब जीपमधून यायचे आणि पाटलांच्या किंवा सोसायटीच्या चेअरमनच्या घरी, तक्क्याला टेकून. मग कारखान्याचे आले, ते गावात शिरलेच नाहीत, गावच त्यांच्या गेस्ट हाउसवर जायचं. मग मतदारसंघाच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, जुनं नाव यादीतून पुसलं गेलं, आणि आताचे लोक बसतच नाहीत. उभ्यानं सेल्फी काढतात. तुमच्याच उसाच्या रानात उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये प्रचाराला आलेल्या उमेदवाराची गाडी वॉचमननं अडवून वहीत नाव, गाडी नंबर आणि कुणाकडे जायचंय ते लिहायला लावलं, ही नोंद तुम्ही मला तीनदा वाचून दाखवलीत. तिसऱ्यांदाही तितकेच हसलात.

सीमांवरून आपलं एक भांडण कायमचं होतं. नव्या मतदारसंघाची यादी सूचनाफलकावर मी माझ्या हातानं लावली होती, हे मी उगाच तुम्हाला सांगितलं. "म्हंजे आमचं गाव तुमी उचलून तिकडं टाकलं," असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. मी म्हणायची, गाव आहे तिथंच आहे नाना, फक्त कागद बदलला. तुम्ही म्हणायचात, मग पत्र कुणाला लिहायचं ते सांगा. तेवढ्यात माई मधेच भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवायच्या म्हणून मी वाचायची.

खरं भांडण मात्र दुसरंच होतं. दहाबारा वह्या टाइप झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एकाही पानावर आमची वस्ती नाही. कुठल्याच गावची. पाटलांचा वाडा आहे, देवळाचा पार आहे, दूध डेअरी आहे, तालीम आहे. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीची ओळच नाही. मी विचारलं तर तुम्ही सहज म्हणालात, "तितं कुणी बसलंच न्हाई, तर लिहू काय?"

मी म्हणाले, "तेच लिहा. बसले नाहीत."

"न बसल्याची कसली नोंद करायची, मॅडम?"

त्या दिवशी मी बॅग उचलली आणि निघाले. पुढच्या शनिवारी आले, पण मनातलं घालवल्याशिवाय टाइप करायला बसायचं नाही असं ठरवून आले. आणि मी तुम्हाला ती खुर्ची सांगितली.

तुम्ही ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगते, कारण आता ती मला वेगळी सांगावी लागणार आहे. आमचं गाव मांजरीच्या पुढे, फाट्यापासून आत, वस्ती मात्र फाट्यालाच लागून. मी चौथीत होते. वकीलसाहेब प्रचाराला येणार आणि वस्तीवरही थांबणार असा निरोप आला होता. वस्तीत खुर्ची नव्हती. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी हेडमास्तरांना विनंती करून शाळेतली एकुलती एक हाताची खुर्ची मागून घेतली आणि ती डोक्यावर घेऊन चालत आले. विहारासमोरचं अंगण सारवलं, खुर्ची मांडली, झेंडूचा हार केला, पाच घरांतून कपबशा गोळा केल्या. दिवस मावळायला जीप आली. फाट्याला हळू झाली. वडिलांनी हात वर केला. आणि जीप तशीच पुढे, गावात गेली. कर्णा वाजतच होता.

वडील एवढंच म्हणाले, "दिसलं नसेल त्यांना. अंधारून आलंय." पुढेही प्रत्येक निवडणुकीला धुतलेले कपडे घालून ते मत द्यायला निघाले की कुणीतरी ही आठवण काढायचं, आणि ते तेच म्हणायचे. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले होते. माझा त्यावर विश्वास होता असं नाही, पण त्यांचा होता, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

हे सांगून झालं तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग विचारलंत, "आन् त्या खुर्चीवर मंग कुणीच बसलं न्हाई?" मी फटकन म्हणाले, "नाही." इतकं ऐकून हा माणूस आपले रकाने भरतोय, असं वाटून मला तुमचा संताप आला होता. तुम्ही म्हणालात, पुढचे दोन शनिवार येऊ नका. मी म्हटलं, ठीक. उंबरा ओलांडताना ठरवलं होतं की तिसऱ्या शनिवारीही यायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी आले, कारण माईंनी फोन करून सांगितलं की तुम्ही गुडघे दुखत असताना बसनं कुठे कुठे फिरताय आणि कुणाचं ऐकत नाही. बघते तर तुमच्यापुढे नवी वही. तुम्ही गावोगावच्या वस्त्यांवर जायला लागला होतात. म्हाताऱ्या माणसांना गाठायचं, विचारायचं, लिहायचं: बसले नाहीत. बसले नाहीत. गाडीतूनच हात केला. बसले नाहीत. एका वस्तीवर पहिले खासदार बसले होते, पाण्याचा तांब्याही घेतला होता, ते लिहिताना तुमचं अक्षर जरा मोठं आलंय. वर्षभर तुम्ही हे करत होतात. मी तुमच्या गुडघ्यांवरून बोलत होते, तुम्ही माझ्या टायपिंगच्या चुका काढत होतात, आणि मी मनात म्हणत होते की एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मला या वयात भेटला. आमच्या गावची वही मात्र तुम्ही देत नव्हतात. "ती शेवटी करा," म्हणायचात.

मग दवाखान्यात गेलात, आणि तिथून घरी आलाच नाहीत तुम्ही. दशक्रियेनंतर माईंनी ती वही माझ्या हातात दिली.

त्यात लिहिलंय:

"वस्ती: वकीलसाहेब बसले नाहीत. जीपमध्ये पुढे ते होते, मागे मी. तालुक्याचं काम माझ्याकडे होतं. फाट्याला गाडी हळू झाली. साहेबांनी विचारलं, इथं थांबायचं ठरलं होतं ना. मी म्हणालो, उशीर झालाय, पाटलांकडं पानं वाढलीत. खुर्ची मांडलेली होती. मला दिसली होती. शेजारी एका माणसानं हात वर केला होता. मी केला नाही."

नाना, तुम्ही मला सांगितलं होतंत की पक्षाचं काम करत होतो ते तालुक्याच्या पलीकडच्या पट्ट्यात. मी विचारलंही नव्हतं, तुम्हीच सांगितलं होतंत.

मला तुमचा राग आला. अजूनही आहे. तो कुठे काढायचा, तेवढं मात्र तुम्ही सांगून गेला नाहीत. जीप थांबली नाही याचा राग तर जुना झाला होता, त्याच्याबरोबर मी वाढले. राग याचा की "दिसली होती" हे दोन शब्द लिहून तुम्ही माझ्या वडिलांचं वाक्य खोटं पाडलंत. मास्तर जन्मभर तुमच्या बाजूनं बोलत राहिले, तुम्हाला न ओळखता. आता ते नाहीत, तुम्हीही नाही, आणि मधे मी हे पान घेऊन बसलेय.

दुसऱ्या दिवशी सुहासचा फोन आला. त्यानंही वही वाचली होती. "ताई, वर्षश्राद्धाला पुस्तक काढू. पण ते एक पान सोडलं तर नाही का चालणार? लोक काहीच्या काही अर्थ काढतात हो." त्याला महापालिकेला उभं राहायचंय, हे मला ठाऊक आहे. तरी त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही, कारण मी लगेच हो म्हणणार होते. "तेच लिहा" म्हणून तुमच्याशी भांडलेली मी, पान गाळायला एका पायावर तयार होते. सुहासला त्याच्या वडिलांना वाचवायचं होतं, मला माझ्या. समोर बसून बोलू, एवढंच म्हणाले आणि शनिवारी मांजरीला आले.

जिन्याखालची खोली तशीच आहे. तुमचा चष्मा वहीवर ठेवलाय. मी आणि सुहास हळू आवाजात बोलत होतो, तरी माईंनी आतून ऐकलं. हात पुसत बाहेर आल्या.

"सुहास, कावळ्यापुढं काय बोललास?"

"आई, तो विषय वेगळा..."

"समद्या वह्या म्हणालास. हायेत तशा म्हणालास. येक पान सोडून, आसं म्हणाला न्हाईस. समदा घाट ऐकत हुता."

सुहासनं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी म्हणाले, "माई, माझीही तशी हरकत नाही, ते पान नसलं तरी..."

"तुमची हरकत न्हाई ते त्येंला म्हाईतच हुतं." माई खाली बसल्या. "दोन शनवार तुमाला येऊ नका म्हणलं न्हवं? त्या वक्ताला ह्येच लिहित हुते. चार कागद फाडलं. जेवणावर ध्यान न्हाई. मी म्हणलं, जाऊन सांगा की त्या बाईला, मोकळं व्हा. तर म्हणले, तोंडानं सांगितलं तर ती जाऊ द्या म्हणंल. तिच्या वडलांनीबी तसंच म्हणलं आसतं. ते जाऊ द्यायचं न्हाई मला. लिहितो."

सुहासनं चष्मा उचलला, पुसला आणि परत जागेवर ठेवला. "छापा ताई," म्हणाला. "माझं मी बघतो." त्याचा आवाज त्या वेळी अगदी तुमच्यासारखा आला.

बसमध्ये बसल्यावर मला सुचलं ते सांगते. माझे वडील इतके भोळे नव्हते. ज्या माणसानं खुर्ची डोक्यावर वाहून आणली, त्याला फाट्यावरून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते नक्की कळत असणार. "दिसलं नसेल" हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं, मला त्या गावातल्या शाळेत दुसऱ्या दिवशी जायचं होतं म्हणून. इतकी वर्षं मी ते त्यांच्यासाठी सांभाळलं, आणि त्यांनी माझ्यासाठी. तुमच्या त्या पानाखेरीज हे मला कधी कळलं नसतं. तुमच्यावरचा राग जात नाहीये, नाना, आणि आभारही मानायचे आहेत. दोन्ही एकदम कसं करतात ते मला येत नाही, तुम्ही सांभाळून घ्या.

त्या पानातला एक शब्द मी बदललेला नाही. तुमची काना-मात्रेची चूकसुद्धा या वेळी तशीच ठेवली. फक्त तुमच्या नोंदीखाली एक नोंद घातली आहे. पुस्तक तुमचं आहे, तेव्हा तुम्हाला न विचारता घालणं बरं दिसत नाही, म्हणून इथे कळवते.

तुम्ही विचारलं होतंत, त्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही का. मी नाही म्हणाले होते. खोटं बोलले. जीपचा आवाज गावात विरल्यावर वस्तीतली माणसं एकेक करून घरी गेली. अंगणात वडील, मी आणि ती खुर्ची एवढेच उरलो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "मांडलीच आहे तर बस तू," म्हणाले. मी बसले. त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि साहेबांसाठी ठेवलेला चहा कपबशीत ओतून माझ्या हातात दिला.

तेव्हा तुमचे रकाने भरून टाकते. कुठे बसले: वस्तीवर, विहारासमोर, शाळेच्या खुर्चीत, मास्तरांची मुलगी. शेजारी कोण: मास्तर, उभे. काय घेतलं: चहा, पूर्ण कप. पाय जमिनीला टेकत नव्हते.